नको त्या दारांची यादी

विंडोजवर चालणाऱ्या जवळपास प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये एक फाइल असते. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी, आणि तिथे कोपऱ्यात 'होस्ट्स'. नावापुढे टिंब देऊन लावलेलं शेपूटही नाही. नोटपॅडमध्ये उघडली की वर मायक्रोसॉफ्टचा १९९३ पासूनचा कॉपीराइट दिसतो, खाली चार ओळींची माहिती आणि उदाहरणादाखल 'ऱ्हायनो' नावाच्या मशीनचा एक पत्ता. बस. आपण काही लिहिलं नसेल तर ती फाइल अशीच वर्षानुवर्षं पडून असते.

मला ही फाइल फार आवडते. घरातल्या कॉम्प्युटरवर नको ती वेबसाइट बंद करायचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात फुकट मार्ग इथून जातो. ॲप नको, पैसे नकोत, कुणाच्या सर्व्हरवर खातं उघडायला नको. एक ओळ लिहायची, सेव्ह करायचं, झालं. पण गंमत म्हणजे ही फाइल बंद करण्यासाठी जन्मालाच आली नव्हती. ती जन्मली तेव्हा तिचं काम अगदी उलटं होतं. रस्ता दाखवणाऱ्या यादीची रस्ता अडवणारी यादी कशी झाली, मग ती घरातून उठून कंपनीकडे आणि कंपनीकडून सरकारकडे कशी गेली, याची ही गोष्ट.

फोन करा, नाव नोंदवा

१९६९ च्या ऑक्टोबरात लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या कॉम्प्युटरला पहिला निरोप गेला आणि अर्पानेट सुरू झालं. वर्षअखेरीस त्यावर फक्त ४ ठिकाणं होती. चार घरांच्या वाडीत पत्ते लिहून ठेवावे लागत नाहीत. पण मशीन वाढत गेली तशी अडचण आली. मशीनला आकडे कळतात, माणसाला नावं लक्षात राहतात. मग प्रत्येक ठिकाणचा माणूस आपापली वही ठेवू लागला: अमुक आकडा म्हणजे अमुक मशीन. एकाच्या वहीत एक नाव, दुसऱ्याच्या वहीत दुसरं. १९७३ च्या डिसेंबरात पीटर डॉइच नावाच्या प्रोग्रॅमरनं एक टिपण लिहून सुचवलं की प्रत्येकानं वेगळी वही ठेवण्यापेक्षा सगळ्यांसाठी एकच यादी एका जागी ठेवावी. महिन्याभरात, १९७४ च्या जानेवारीत, त्याला उत्तर मिळालं: ठेवू.

ही यादी ठेवणारं ठिकाण म्हणजे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधलं नेटवर्क इन्फर्मेशन सेंटर, आणि तिथल्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. सगळे त्यांना 'जेक' म्हणत. त्या मूळच्या रसायनशास्त्राच्या, संशोधकांना हवी ती माहिती धुंडाळून देण्याच्या कामातून इकडे आलेल्या. म्हणजे इंटरनेटचं पहिलं नावांचं रजिस्टर ज्यांनी सांभाळलं त्यांचा पिंड ग्रंथपालाचा होता. नवीन मशीन जोडायचं असेल तर त्यांच्या ऑफिसला फोन करायचा किंवा ईमेल पाठवायची. तिथल्या बाया-माणसं नाव आधीच कुणी घेतलं नाही ना हे बघणार, यादीत ओळ घालणार. मग जगातल्या इतर सगळ्या ठिकाणांनी आठवड्यातून एक-दोनदा ती ताजी फाइल उतरवून घ्यायची. ऑफिसची वेळ कॅलिफोर्नियाची. रात्री नाव हवं असेल तर सकाळपर्यंत थांबायचं.

या यादीत चोरून ठेवण्यासारखं काही नव्हतं. जो नेटवर्कवर होता त्याला ती अख्खी वाचता येत होती. आपलं नाव चुकीचं लागलं तर फोन करून सांगता येत होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये यादीत २१३ मशीन होती. दोन वर्षांत ५६२ झाली, १९८४ च्या ऑक्टोबरात १,०२४. एका ऑफिसनं, एका फाइलमध्ये, हातानं हे चालवणं अशक्य होत चाललं होतं. १९८३ च्या नोव्हेंबरात पॉल मॉकापेट्रिस यांनी दुसरी व्यवस्था मांडली: एकच मोठी यादी नको, यादीचे तुकडे करा, ज्याचा त्यानं आपला तुकडा सांभाळावा आणि विचारणाऱ्याला योग्य जागी पाठवावं. हेच डीएनएस. आज तुम्ही फोनवर कुठलीही वेबसाइट उघडता तेव्हा पडद्यामागे हीच विचारपूस चालते.

डीएनएस आलं तरी जुनी फाइल कुणी काढून टाकली नाही. युनिक्समध्ये ती राहिली, तिथून विंडोजमध्येही आली. साधारण नियम असा राहिला की कॉम्प्युटरनं आधी घरातली वही बघायची, तिथे नाव नसेल तरच बाहेर विचारायला जायचं. जुन्या वाड्यात नवीन लाइट आली तरी देवळीतली पणती जागेवर राहावी, तसं.

चुकीचा पत्ता लिहायचा

'आधी घरातली वही' या नियमातच कुलूप लपलेलं होतं. वहीत मुद्दाम चुकीचा पत्ता लिहिला तर?

१२७.०.०.१ हा आकडा प्रत्येक कॉम्प्युटरला ओळखीचा असतो. त्याचा अर्थ 'हेच घर'. एखाद्या वेबसाइटच्या नावापुढे हा आकडा लिहिला की कॉम्प्युटर ती वेबसाइट शोधायला निघतो आणि स्वतःचंच दार वाजवतो. आत त्या नावाचं कुणी नसतं. पान उघडत नाही. यात काही तोडलेलं नसतं, कुठे पहारा बसवलेला नसतो. फक्त पत्ता चुकवलेला असतो.

लोकांना ही युक्ती वापराविशी वाटली ती आधी जाहिरातींसाठी. २७ ऑक्टोबर १९९४ ला हॉटवायर्ड या साइटवर वेबवरच्या पहिल्या काही बॅनर जाहिराती लागल्या. थोड्याच काळात जाहिराती त्या-त्या साइटवरून येईनाशा झाल्या, त्या डबलक्लिकसारख्या कंपन्यांच्या वेगळ्या सर्व्हरवरून येऊ लागल्या. वर्तमानपत्र एकाचं, जाहिरात भलत्याच पत्त्यावरून. मग त्या भलत्या पत्त्याचं नाव वहीत लिहून '१२७.०.०.१' केलं की बातमी दिसायची आणि जाहिरातीच्या जागी रिकामी चौकट. डायल-अपच्या काळात, जेव्हा मिनिटामिनिटाला फोनचं बिल चढायचं, तेव्हा ती रिकामी चौकट म्हणजे वाचलेले पैसे होते.

हळूहळू लोक आपापल्या याद्या एकमेकांना देऊ लागले. अशा सार्वजनिक याद्या आजही चालू आहेत. स्टीव्हन ब्लॅक यांनी अनेक याद्या एकत्र करून ठेवलेली यादी त्यातली प्रसिद्ध. तिच्यात नावांची संख्या लाखाच्या घरात आहे, आणि जुगार, अश्लील साइट, सोशल मीडिया असे हवे ते जास्तीचे गट घेता येतात. कुणाला एखादं नाव चुकून आलंय असं वाटलं तर तो तसं उघडपणे लिहितो, चर्चा होते, ओळ काढली जाते. फाइनलरबाईंच्या ऑफिसातल्या फोनची ही नवी आवृत्ती.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. वहीत एक ओळ म्हणजे एक नाव. 'या नावाची सगळी भावंडं' असं लिहिता येत नाही. आणि वही दाराचं नाव ओळखते, आतल्या खोल्या ओळखत नाही. एखाद्या साइटवरचं एकच पान बंद करायचं असेल तर इलाज नाही, अख्खं घरच बंद होतं. ही मर्यादाही लक्षात ठेवा. ती पुढे आपल्या देशात अडचणीची ठरली.

कुलूप म्हटलं की चोरही आलेच. २००४ च्या जानेवारीत मायडूम नावाचा ईमेलमधून पसरणारा व्हायरस जगभर धुमाकूळ घालत होता. त्याची दुसरी आवृत्ती कॉम्प्युटरमध्ये शिरली की हीच होस्ट्स फाइल उघडायची आणि त्यात अँटिव्हायरस कंपन्यांची नावं लिहून टाकायची. म्हणजे घरात चोर शिरला आणि त्यानं पोलिसांच्या नंबराचं पान फाडलं. मग शिपायांनी वहीवरच नजर ठेवायला सुरुवात केली. २०१२ मध्ये विंडोज ८ च्या डिफेंडरनं लोकांनी स्वतःहून लिहिलेल्या फेसबुकच्या आणि डबलक्लिकच्या ओळीही पुसल्याचं उघड झालं. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टकडे माहिती पाठवणारे पत्ते कुणी या फाइलमध्ये बंद केले असतील तर डिफेंडर त्याला धोका समजू लागला. संरक्षणाचं कारण खरंच होतं, मायडूम त्याला साक्षी आहे. पण घरमालकाच्या हातचं अक्षर आणि चोराच्या हातचं अक्षर यात फरक करायचं काम आता तिसऱ्याकडे गेलं होतं.

विकतची यादी

आता थोडं मागे, १९९५ मध्ये, अमेरिकेत. वेब घराघरांत शिरत होतं आणि आईबापांना घाम फुटत होता. जुलैमध्ये टाइम साप्ताहिकानं मुखपृष्ठावर घाबरलेल्या मुलाचा चेहरा आणि 'सायबरपॉर्न' हा शब्द छापला. त्या लेखाचा आधार असलेला अभ्यास पुढे जाणकारांनी पार खोडून काढला, पण भीती तोवर पसरली होती. ८ फेब्रुवारी १९९६ ला अमेरिकेत कायदा आला: लहान मुलांच्या नजरेला पडेल असं 'असभ्य' काही इंटरनेटवर ठेवणं गुन्हा. २६ जून १९९७ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्या तरतुदी रद्द केल्या. मुलांना वाचवण्याच्या नावाखाली मोठ्यांचंही बोलणं बंद होतंय, हा मुद्दा होता. आणि त्यासोबत आणखी एक: घरातल्या कॉम्प्युटरवर आईबाप स्वतः गाळणी लावू शकतात, तो उपाय कमी जाचक आहे.

मला हा इतिहासातला फार महत्त्वाचा क्षण वाटतो. 'घरी बंद करा' हे 'सगळीकडे बंद करा'ला दिलेलं उत्तर होतं. ज्याला नको त्यानं आपलं दार लावावं, गाव बंद करू नये.

पण आईबापांनी दार लावायचं म्हणजे यादी कुठून आणायची? ती विकत मिळू लागली. सर्फवॉच, नेट नॅनी, सायबर पेट्रोल, सायबरसिटर ही नावं त्याच दोन-तीन वर्षांतली. पैसे द्या, डिस्क टाका, हजारो साइट बंद. फक्त एक अट: कोणत्या साइट बंद आहेत हे तुम्हाला दिसणार नाही. यादी कुलूपबंद, सांकेतिक लिपीत. कंपन्यांचं म्हणणं सरळ होतं. यादी हाच आमचा माल, तो उघडा ठेवला तर स्पर्धक उचलतील, आणि मुलांनाही 'काय बघायचं' याची आयती यादी मिळेल.

१९९६ च्या जुलैत ब्रॉक मीक्स आणि डेक्लन मॅककुला या दोन पत्रकारांनी या यादीत डोकावून पाहिलं. सायबरसिटरनं अमेरिकेतल्या 'नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन' या स्त्रियांच्या मोठ्या संघटनेची साइट बंद केली होती. त्या वेळची काही सॉफ्टवेअर्स तर पानातले नको ते शब्द गुपचूप गाळायची. 'समलिंगी' हा शब्द गेला की समलिंगी विवाहाला असलेला विरोध वाचणाऱ्याला विवाहालाच असलेला विरोध वाटायचा. त्याच वर्षी बेनेट हेझल्टन या कॉलेजातल्या पोरानं 'पीसफायर' नावाची साइट काढून अशा चुका मांडायला सुरुवात केली. काही महिन्यांत सायबरसिटरनं पीसफायरच बंद यादीत टाकली.

२००० च्या मार्चमध्ये स्वीडन आणि कॅनडातल्या दोन प्रोग्रॅमरांनी सायबर पेट्रोलच्या यादीचं कुलूप उघडलं आणि ते उघडणारा छोटा प्रोग्रॅम सगळ्यांसाठी ठेवला. तेव्हा सायबर पेट्रोलची मालकी मॅटेलकडे होती. हो, बार्बी बाहुल्या बनवणारी मॅटेल. कंपनी बोस्टनच्या कोर्टात गेली, मनाई हुकूम मिळाला, आणि शेवटी दोघांनी तडजोड करून प्रोग्रॅमचे हक्क कंपनीला देऊन टाकले.

तरी गोष्ट तिथे संपली नाही. अमेरिकेत डिजिटल कुलूप तोडायला कायद्यानं बंदी आहे, पण दर तीन वर्षांनी लायब्ररी ऑफ काँग्रेस त्याला काही सवलती जाहीर करते. २००० च्या ऑक्टोबरात पहिल्यांदा सवलती आल्या त्या फक्त दोन. त्यातली एक होती: गाळणी सॉफ्टवेअरमधल्या बंद साइटींची यादी वाचण्यासाठी कुलूप उघडायला हरकत नाही. म्हणजे ज्या यादीमुळे माझ्या घरातलं दार बंद होतं ती वाचायचा मला हक्क आहे, हे एका सरकारी कागदावर आलं. २००६ च्या फेरीत कुणी पुरेसा पुरावा मांडला नाही म्हणून ती सवलत गेली. सहा वर्षं टिकली.

पार्टिशन, पासवर्ड आणि परीक्षा

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, पण बहुतेकांच्या घरी ते पुढची दहा वर्षं पोचलं नाही. इंटरनेट म्हणजे सायबर कॅफे. प्लायवूडची पार्टिशनं, पडदा, तासाच्या हिशोबानं पैसे. त्यामुळे 'घरातल्या कॉम्प्युटरवर काय बंद करावं' हा प्रश्न आधी 'कॅफेत काय बंद करावं' असा आला. २००१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाकडे याबद्दल एक पत्र गेलं. न्यायालयानं ते याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि मुलांना अश्लील साइटींपासून कसं वाचवावं हे सुचवायला समिती नेमली. समितीच्या शिफारशी आज वाचताना तो काळ डोळ्यांपुढे उभा राहतो: अल्पवयीन मुलांना पार्टिशनमागे नव्हे तर मोकळ्या जागेतल्या कॉम्प्युटरवर बसवावं, आणि त्या कॉम्प्युटरवर गाळणी लावलेली असावी.

मग बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं आणि घराघरांत तो पांढरा मोडेम लुकलुकू लागला. २००६ च्या सुमारास मी सांगलीत कॉलेजात होतो आणि ओळखीच्या घरांत 'फॉरमॅट मारायला' जायचो. विंडोज टाकायचं, अँटिव्हायरस टाकायचा, चहा प्यायचा. आणि निघताना हमखास कुणीतरी हळू आवाजात म्हणायचं, "नको त्या साइट बंद करता येतात का रे?"

'नको त्या' म्हणजे कुणाला नको, याचं उत्तर घराघरात वेगळं असायचं. एका घरी दादानं बोलावलं होतं. इंजिनिअरिंगला होता, बहीण बारावीला. "हिचं ऑर्कुट बंद करून टाक. आणि हिला कळू नये असं कर."

मी होस्ट्स फाइल उघडली. ती नोटपॅडमध्ये उघडते, त्यामुळे 'कळू नये' हे मुळातच जमत नाही. ऑर्कुटसाठी दोन ओळी लागायच्या, एक तीन डब्ल्यू लावून आणि एक न लावता. मी टाइप करत असताना बहीण मागे येऊन उभी राहिली. वाचलं तिनं.

"माझं ऑर्कुट बंद. मग याचं क्रिकइन्फो?" ती म्हणाली. "आणि रात्री दोनला उठून डाउनलोड लावतो तेव्हा माझी झोप मोडते, त्याचं काय?" (तेव्हा रात्री दोन ते सकाळी आठ नेट अमर्याद असायचं. अख्ख्या महाराष्ट्रातली पोरं दोनचा गजर लावायची.)

दादा म्हणाला, "माझी परीक्षा नाहीये यंदा."

काकू आतून आल्या. स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "दोन्ही टाक रे. आणि कधीपर्यंत, तेही लिहिता येतं का त्यात?"

येतं. ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाकलं की कॉम्प्युटर ती ओळ सोडून देतो, माणसानं माणसासाठी लिहायची जागा असते ती. मी रोमन अक्षरांत लिहिलं: बारावीचा शेवटचा पेपर होईपर्यंत. खाली ऑर्कुटच्या दोन ओळी, क्रिकइन्फोच्या दोन. दादा धुसफुसला, पण यादी त्याच्याही समोर होती.

काकूंना कॉम्प्युटर चालू करता येत नव्हता. पण कुठल्याही यादीला लागतात त्या तीन गोष्टी त्यांनी त्या दोन वाक्यांत मागितल्या होत्या: काय बंद आहे ते ज्याचं बंद आहे त्याला दिसलं पाहिजे, नियम सगळ्यांना सारखा, आणि मुदत. घर म्हणजे एक माणूस नसतो. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड आपल्याकडे बहुतेक घरांत दादाकडे किंवा बाबांकडे असतो. त्यामुळे घरातलं कुलूपही आपोआप निष्पाप ठरत नाही. फाइल वाचता येते एवढाच त्यातला दिलासा, आणि तो लहान नाही.

रस्त्यावरची यादी

घरातली वही ही एक गोष्ट, आणि इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरची वही ही दुसरी. ती बदलली की लाखो घरांतलं दार एकदम बंद होतं, आणि घरात कुणी काहीच केलेलं नसतं.

भारतात याची झलक लवकर दिसली. १९९९ मध्ये कारगिलच्या युद्धात विदेश संचार निगमच्या जोडणीवरून पाकिस्तानातल्या 'डॉन' या वर्तमानपत्राची साइट उघडेनाशी झाली. २००३ च्या सप्टेंबरात सरकारनं याहू ग्रुप्सवरचा मेघालयातल्या एका फुटीर संघटनेशी जोडलेला 'किनहुन' नावाचा ग्रुप बंद करायला सांगितलं. एक ग्रुप, म्हणजे एक खोली. पण कंपन्यांच्या वहीला खोल्या ओळखता येत नव्हत्या. त्यांनी घर बंद केलं: देशभरातल्या लोकांचे सगळेच याहू ग्रुप्स काही दिवस गायब.

११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले. १३ जुलैला काही मोजकी पानं आणि ब्लॉग बंद करण्याचा आदेश निघाला, आणि पुन्हा तेच. कंपन्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉट बंद केलं. स्फोटांनंतर मुंबईकरांना मदतीची माहिती देणारा ब्लॉगही ब्लॉगस्पॉटवरच होता.

पुढे या अधिकाराला नीट कायद्याची चौकट मिळाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९-अ आणि त्याखालचे नियम २००९ पासून लागू आहेत. त्यात समिती आहे, कारणं लेखी नोंदवण्याची अट आहे. आणि नियम १६ आहे: आलेल्या तक्रारी आणि केलेली कारवाई यांबाबत पूर्ण गोपनीयता पाळावी.

२०१२ च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्यावर फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघरमधल्या दोन तरुणींना अटक झाली. त्या अटकेनंतर सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या श्रेया सिंघल खटल्याचा निकाल २४ मार्च २०१५ ला लागला. अटकेच्या मुळाशी असलेलं कलम ६६-अ रद्द झालं, त्याचा आनंद आपण साजरा केला. त्याच निकालात कलम ६९-अ आणि त्याचे नियम मात्र कायम राहिले, कारण त्यात पुरेशी संरक्षणं आहेत असं न्यायालयाला दिसलं. ते त्या मानानं कमी लोकांनी वाचलं.

चारच महिन्यांनी, ३१ जुलै २०१५ ला, ८५७ साइट बंद करण्याचा आदेश निघाला, तोही वेगळ्या कलमाखाली. तो गुपित ठेवायचा होता, पण यादी फुटली. लोकांनी वाचली, तर अश्लील साइटींच्या रांगेत कॉलेजह्यूमरसारखी विनोदी साइटही उभी. गदारोळ झाला आणि ४ ऑगस्टला सरकारनं पाऊल मागे घेतलं. माझ्या मते पाऊल मागे गेलं ते यादी वाचता आली म्हणून. जी यादी फुटत नाही तिच्यातला विनोद कुणाला कळतच नाही.

काही गोष्टी खरोखर बंद असायला हव्यात. लहान मुलांवरच्या अत्याचारांची चित्रं विकणाऱ्या साइटींची यादी चौकात लावा असं कुणी म्हणणार नाही. पण सगळ्याच याद्या त्या एका यादीच्या पदराआड लपतात, तेव्हा विचारायला हवं.

खिशातली फाइल

हे सगळं तुम्ही बहुधा फोनवर वाचताय. तर तुमच्या फोनबद्दल एक गोष्ट: ती फाइल त्यातही आहे. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे, आणि सिस्टिम फोल्डरमधल्या ईटीसीमध्ये होस्ट्स पडून आहे. बहुतेक फोनांत तिच्यात दोनच ओळी असतात, दोन्हींचा अर्थ 'हेच घर'. आयफोनमध्येही ती आहे. पण फोन 'रूट' केल्याशिवाय तिच्यात अक्षर लिहिता येत नाही. आयफोनमध्ये तर विचारूच नका. त्यामागे सुरक्षिततेचं कारण आहे, ते खोटं नाही. तरी हिशोब असा राहतो: फाइनलरबाईंच्या यादीत चूक दिसली तर फोन उचलून सांगता येत होतं. २००६ मधल्या डेस्कटॉपवर नोटपॅड उघडता येत होतं. आजच्या फोनचे पूर्ण पैसे आपण भरलेले असतात, आणि त्यातली वही दुसऱ्याच्या नावावर असते.

वाटा अगदी संपलेल्या नाहीत. अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' असतं. तिथे गाळणी लावणाऱ्या सर्व्हरचं नाव टाकलं की जाहिराती आणि पुष्कळ नको ते बाहेरच अडतं. यादी मात्र त्या सर्व्हरवाल्याची. घरी एखादा छोटा रास्पबेरी पाय कॉम्प्युटर असेल तर त्यावर पाय-होल बसवता येतं. मग घरातल्या सगळ्या फोनांची आणि टीव्हीची विचारपूस त्याच्यामार्फत होते, आणि काय अडलं याची नोंद पडद्यावर दिसते. पण ती नोंद म्हणजे घरात कोण काय उघडतंय याचीही नोंद. तेव्हा पासवर्ड एकाच्याच खिशात ठेवू नका.

आणि घरी जुना डेस्कटॉप किंवा लॅपटॉप असेलच, तर आज ती होस्ट्स फाइल एकदा उघडा. त्यात कदाचित काहीच नसेल, नुसता तो ऱ्हायनो. कदाचित कुणीतरी कधीतरी लिहिलेल्या चार ओळी असतील. त्या ओळी कुणी लिहिल्या, कुणासाठी आणि कधीपर्यंत, हे घरातल्यांना विचारा. उत्तर मिळेल. बाकीच्या बहुतेक याद्यांबाबत तर तो प्रश्न नेमका कुणाला विचारायचा, तेही आपल्याला माहीत नसतं.